वाळवी आणि वारकरी

मृग नक्षत्र लागते, वैशाखाच्या उन्हाने भाजून निघालेल्या नागपूरच्या जमिनीवर पहिला दमदार पाऊस पडून जातो, संध्याकाळी वारा पडतो, आणि मग एक देखावा आपल्याकडे हमखास दिसतो. अंगणातल्या भेगेतून, ओट्याच्या सांध्यातून, कडुनिंबाच्या बुंध्यापासून पंख फुटलेले किडे धुराच्या लोटासारखे वर उठतात. ओसरीवरच्या दिव्याभोवती त्यांचे मोहोळ जमते. ते ताटात पडतात, पाण्यात पडतात, हरिपाठ म्हणणाऱ्याच्या अंगावर पडतात. सकाळी उठून पाहावे तो किडे कोठेच नाहीत, ओसरीभर नुसते पंख पसरलेले. कोणी ह्यांना पावसाळी किडे म्हणतात, कोणी म्हणतात मुंगीला पंख फुटले. आपल्या विदर्भातील जुनी माणसे मात्र त्यांना बरोबर ओळखतात आणि म्हणतात, उधई उडाली. उधई म्हणजे वाळवी.

हा देखावा बहुधा पंढरीच्या वाटेच्या दिवसांतच येतो. ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबारायांची व आळंदीहून माउलींची पालखी निघते. आपल्या शेगावची पालखी तर त्याच्या कितीतरी आधी पायी वाटेला लागलेली असते. ज्यांना पंढरपूर गाठणे होत नाही ते आषाढात धापेवाड्याला जाऊन चंद्रभागेत पाय बुडवून येतात. म्हणजे अशा दिवसांत आपल्या घराघरांतून काय दिसते? गळ्यात तुळशीची माळ, मुखात नाम, आणि हातात किडे मारण्याचा फवारा! हे दृश्य हसण्यासारखे आहे खरे. पण गेल्या ज्येष्ठात ते माझ्याच घरी घडले, आणि तेव्हापासून हसू आले नाही. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे मांडतो.

आमचे घर महालातले, जुन्या पद्धतीचे. भिंती मातीच्या, तुळया व चौकटी लाकडाच्या. देवघराशेजारी भिंतीतच एक कपाट आहे. त्यात आजोबांच्या हातची बोरूने लिहिलेली वही होती. हरिपाठ, काकड्याचे अभंग, आणि आमच्या दिंडीत ज्या क्रमाने व ज्या चालीत म्हणत तो सारा क्रम त्यात टिपून ठेवलेला. गेल्या ज्येष्ठात पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी ते पंखवाले किडे बाहेरून आत येण्याऐवजी आतूनच बाहेर येऊ लागले. देवघराच्या चौकटीला एक बारीक फट होती, तिच्यातून ते एकामागून एक निघत होते, जणू कोणी आत बसून त्यांना सोडतो आहे.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. त्याने चौकटीवर टिचकी मारली तर पोकळ आवाज आला. पटाशी टेकवली तर ती मऊ भाकरीत बोट शिरावे तशी आत गेली. वरून रंग शाबूत, आत पोकळ. मग कपाट उघडले. वहीचा पुठ्ठा जागच्या जागी होता. उचलला तर हातात आली मातीची ढेकळे आणि कडेकडेची काही पाने. इतक्यावर भागते तरी बरे होते. सुताराने वर पाहिले आणि देवघरापलीकडच्या खोलीची तुळई ठोकून पाहिली. तिचे एक टोक खाल्लेले होते. त्या तुळईखाली माझी नातवंडे निजतात.

माझी आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. सोळाव्या वर्षापासून तिच्या गळ्यात माळ आहे. ती सगळे पाहत होती. मी औषध मारणाऱ्यांना बोलावण्याची भाषा काढली तेव्हा ती म्हणाली, "वही गेली ते गेलीच बाप्पा. पन आता तू देवघरात जहर टाकशीन, त्याचं काय?"

मी म्हणालो, "आई, पोरांच्या डोक्यावर तुळई आहे."

ती गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याने प्रश्न मिटला नाही. तो माझ्याकडे आला.

येत्या एकादशीला भजन आटोपल्यावर मी तो मंडळींपुढे ठेवला. माळकऱ्याने वाळवी मारावी काय? तीन मते निघाली. आमचे वयोवृद्ध विणेकरी म्हणाले, "जीव तो जीव. मुंगीत विठ्ठल पाहता, मग उधईत काय दुसरा कोणी बसला आहे? मारू नये." एक निवृत्त मास्तर म्हणाले, "बुवा, असे कसे चालेल? जो उपद्रव देतो त्याला मारण्यात दोष नाही. साप घरात आला तर काय कराल?" तिसरे गृहस्थ दुकानदार. ते हसून म्हणाले, "माउली, एवढा विचार काहून करता? आपण कुठं मारतो? मारते तो औषधवाला. त्याचे पैसे देऊन टाका अन् धापेवाड्याले जाऊन या."

तिन्ही मते आपल्याला ओळखीची आहेत. आपल्यापैकी प्रत्येक जण केव्हा ना केव्हा ह्या तिघांपैकी एकाच्या तोंडाने बोलतो. परंतु निवाडा करण्यापूर्वी ज्याचा निवाडा करावयाचा तो प्राणी कोण, तो आपल्या दारी केव्हा व का येतो, हे समजून घेतले पाहिजे. मी ते त्या निमित्ताने वाचून व जाणत्यांना विचारून समजून घेतले, आणि माझ्या कित्येक समजुती खोट्या ठरल्या.

पहिली गोष्ट अशी की वाळवी ही मुंगी नव्हे. दिसायला व एकत्र राहण्यात ती मुंगीसारखी असली तरी तिचे कूळ झुरळाचे. जगात तिच्या सुमारे ३००० जाती आहेत, त्यांपैकी सुमारे ३०० आपल्या देशात आहेत, आणि त्यांतल्या थोड्याच जाती माणसाच्या घराला लागतात. आपल्या भागातील शेतात व माळावर जी वारुळे दिसतात ती बहुतेक ओडोंटोटर्मिस नावाच्या गटातील वाळवीची. ही वाळवी वाळलेले गवत, पाने, लाकूड, शेण कुरतडून वारुळात नेते आणि त्यावर एका बुरशीची लागवड करते. ती बुरशी लाकूड पचण्याजोगे करते आणि मग ते सर्वजण खातात. पावसाळ्यात वारुळावर जी छत्रीसारखी अळिंबी उगवते आणि आपल्या पूर्व विदर्भातील लोक जी आवडीने खातात, ती ह्याच शेतीचे पीक होय. म्हणजे माणसाने नांगर धरण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हा जीव शेतकरी आहे.

वारुळात एक राणी व एक राजा असतो. मुंग्यांत नर लवकर मरतो. वाळवीत तसे नाही. राजा आयुष्यभर राणीजवळ राहतो. राणी दिवसाला हजारो अंडी घालते व पुष्कळ वर्षे जगते. बाकी सारी प्रजा कामकऱ्यांची व शिपायांची. कामकरी बहुधा आंधळे, मऊ अंगाचे. उघड्या हवेत ते सुकून मरतात. म्हणूनच ते भिंतीवरून जाताना मातीचा बारीक बोगदा बांधून त्याच्या आतून जातात. भिंतीवर मातीची जी वेडीवाकडी रेघ दिसते ती त्यांची झाकलेली पायवाट.

वसाहत काही वर्षांची होऊन भरभराटीला आली म्हणजेच तिच्यात पंखवाले निपजतात. हे उद्याचे राजे व राण्या. उन्हाळ्यातच ते तयार होतात आणि आत थांबून राहतात. पाऊस पडून माती मऊ झाली, हवेत ओल आली, वारा पडला, की कामकरी भिंतीला व जमिनीला बारीक तोंडे पाडतात, शिपाई तोंडाशी पहारा देतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास ही सारी मंडळी बाहेर पडतात. नवल असे की एका टापूतील अनेक वारुळांतून ती एकाच संध्याकाळी निघतात. ह्याला कारण आहे. एक तर दुसऱ्या वारुळातला जोडीदार भेटावा. आणि दुसरे म्हणजे खाणारे पुष्कळ असले तरी एकाच वेळी इतके निघाल्यावर सगळेच खाल्ले जात नाहीत. कोतवाल पक्षी हवेतच झडप घालतो, पाल भिंतीवर टपलेली असते, बेडूक अंगणात बसतो, मुंग्या खाली पडलेल्यांना ओढून नेतात. जे वाचतात ते जमिनीवर उतरून आपल्या हाताने म्हणावे तसे पंख गाळून टाकतात. मादी पुढे, नर तिच्या मागोमाग, अशी जोडी मऊ मातीत शिरते आणि आतून वाट बुजवून घेते. पुन्हा बाहेर येणे नाही. पहिली पिल्ले ती दोघे आपल्याच अंगातील साठ्यावर वाढवितात. ज्या स्नायूंनी पंख हलविले तेच झिजवून त्यातून पिल्लांना भरवितात. अशा जोड्यांपैकी फारच थोड्या तग धरतात.

आता ह्यातून आपल्या प्रश्नाला उपयोगी अशा दोन गोष्टी निघतात. दिव्यापाशी आलेला पंखवाला किडा तुमच्या घराचे काही खात नाही. त्याचे पोट भरायला तो आलेलाच नाही. दिव्याने तो भुलला. आपण दिवा लावून त्याला बोलावले. घर पोखरतात ते आंधळे कामकरी, आणि ते कधी दिव्यापाशी येत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की किडे बाहेरून आले तर चिंतेचे कारण नाही. परंतु ते आपल्याच भिंतीतून, चौकटीतून निघाले तर समजावे की घराखाली किंवा भिंतीत काही वर्षांची जुनी वसाहत नांदते आहे.

ही माहिती मिळाल्यावर मला प्रथम माझ्याच मागच्या वर्तनाची लाज वाटली. इतकी वर्षे मी दर मृगात फवारा घेऊन ज्यांना मारत होतो ते निरपराधी होते. आणि जे घर खात होते त्यांच्याकडे माझे लक्षही नव्हते. मी संरक्षणासाठी मारत नव्हतो, किळस आली म्हणून मारत होतो. तासभर ओसरीवरचा दिवा मालवला असता व खिडक्या लावल्या असत्या तर काम भागले असते. अंधारात बसून हरिपाठ म्हणायला आपल्याला दिवा लागतो थोडाच! जी हिंसा एक बटण दाबून टळते तिला गरज म्हणता येत नाही. एवढा भाग तर वादाचा नाहीच.

वादाचा भाग तुळईचा. तेथे आता तिन्ही मते तपासू.

विणेकरीबुवांचे मत ऐकायला सर्वांत गोड आहे, आणि त्यांच्या अंतःकरणाविषयी मला शंका नाही. पण त्यांना मी नम्रपणे विचारले, "बुवा, आज तुम्ही जी भगर खाल्ली तिच्या शेतात नांगर फिरला तेव्हा काय झाले?" हा प्रश्न नवा नाही. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाने कौशिक ब्राह्मणाला हेच दाखवून दिले की नांगरटीत असंख्य जीव मरतात आणि चालणाऱ्याच्या पायाखालीही मरतात; देह धरून पूर्ण अहिंसा कोणाला साधत नाही. आपले संत तर प्रपंचात राहिलेले. सावता महाराज मळ्यात खुरपे चालवीत, गोरोबाकाका माती तुडवीत. खुरप्याखाली किडा आला नसेल असे कोण म्हणेल? आणि तुळई पडून लेकरू दगावले तर ती हिंसा कोणाच्या खाती? काही न करणे हीही एक करणीच आहे. "मी मारले नाही" एवढ्या समाधानासाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणे ह्यात मला दया दिसत नाही. त्यात आपल्या स्वच्छतेचा अभिमान दिसतो.

मास्तरांचे मत व्यवहाराचे आहे. ते मान्य करावयास हरकत नव्हती, पण 'उपद्रव' हा शब्द फार सैल आहे. जो मला नको तो उपद्रवी, असे एकदा ठरले की त्या शब्दात कोण कोण बसेल ह्याला अंत नाही. शिवाय उपद्रव कोणी कोणाला दिला? नागपूर शहर चहूकडे वाढते आहे. काल जेथे शेते, माळ व वारुळे होती तेथे आज घरांच्या ओळी आहेत. नांगपंचमीला ज्या वारुळाला आपल्या आया-बहिणी दूध-लाह्या वाहत आल्या तेच वारूळ प्लॉट पाडताना आपण यंत्राने सपाट केले. मग खालची वाळवी आपल्या चौकटीत आली की तिला चोर म्हणतो. शेतात हीच वाळवी पालापाचोळा कुजवून मातीत मिसळते, जमीन पोकळ करून पाणी मुरवते. ती जर काम थांबवील तर रानात वाळलेल्या लाकडा-पाल्याचे ढीग साचतील. रानातले मेलेले लाकूड आणि माझी तुळई ह्यांतला भेद तिला ठाऊक नाही. तिच्या लेखी दोन्ही मेलेली झाडेच. तिचा स्वभाव वाईट नाही. आम्हा दोघांची जागा एक झाली, एवढाच काय तो गुन्हा. म्हणून तिला हटविणे भाग पडले तरी तिचा द्वेष करण्याचे कारण उरत नाही.

येथे एक कबुली देतो. कीर्तनात अहंकाराला वाळवीची उपमा देण्याची आपल्याकडे चाल आहे. वरून रंग शाबूत, आत पोकळ. मीही ती पुष्कळदा दिली. आता देववत नाही. अहंकार हा माझा दोष; तो मी त्या आंधळ्या कामकऱ्याच्या माथी का मारावा?

राहिले तिसरे मत. ते हसत सांगितले गेले, पण आपण सर्व बहुतेक वेळा वागतो ते त्याच मताने. पैसे दिले की पाप औषधवाल्याचे, असे कसे होईल? न्यायालयातही सुपारी देणारा सुटत नाही. पण माझा मुद्दा पापपुण्याच्या हिशेबाचा नाही. आमच्या घरी औषध मारायला एक विशी-बाविशीचा मुलगा आला. हात उघडे, नाकातोंडाला नुसता दुपट्टा गुंडाळलेला. तो भिंतीच्या कडेने भोके पाडून त्यात औषध ओतणार होता. मी त्याला कोठून सुरुवात करायची हे दाखवू लागलो. आई दारात उभी होती. ती मला म्हणाली, "उधईचं मंग पाह्य. पहिले त्या पोराले हातमोजे आनून दे."

मी मटकन खाली बसलो. एकादशीपासून मी किड्याच्या जिवाचा विचार करीत होतो, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा जीव मला दिसला नव्हता. त्या दिवशी काम थांबविले. हातमोजे, तोंडाला लावण्याची योग्य पट्टी, डोळ्यांना चष्मा, हे सारे आणल्यावर दुसऱ्या दिवशी काम झाले.

विषाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एके काळी वाळवीसाठी घरांच्या पायात आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर अशी औषधे सर्रास ओतली जात. शहाणे लोकच ती ओतायला सांगत. पुढे असे कळून आले की ही विषे वर्षानुवर्षे मातीत टिकतात आणि प्राण्यांच्या व माणसांच्या चरबीत साठतात. आज ती आपल्या देशात बंद आहेत. म्हणजे दोन तुळया वाचविण्यासाठी एका पिढीने जे जमिनीत ओतले त्याचा भोग पुढच्या पिढीच्या वाट्याला ठेवला. 'मारणारा दुसरा आहे' असे म्हणून डोळे मिटले की असे होते. विष कोणते, किती, कोठे, आणि ते कोणाच्या हाताने पडणार, हे पाहण्याची जबाबदारी घरमालकाची. ती भाड्याने देता येत नाही.

आता माझे स्वतःचे मत सांगतो. ते मला ग्रंथातून सुचले नाही. आईच्या एका वाक्यातून सुचले. सर्व काम आटोपल्यावर, नवी चौकट बसल्यावर, एके दुपारी ती सहज म्हणाली, "वैशाखात कपाट काढाले सांगतलं होतं तुले. काढलं होतं काय?"

काढले नव्हते. त्या वैशाखातही नाही आणि त्याच्या आदल्या वैशाखातही नाही. आजोबांच्या वेळी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पोथ्या उन्हात ठेवण्याचा, कपाटे झाडून काढण्याचा परिपाठ होता. देवघरामागच्या भिंतीत नळाची एक जोडणी पाझरत होती, तीही आईने दाखविली होती. मी दोन्ही वेळा 'उद्या' म्हणालो होतो. वाळवीला ओल लागते. ती मी पुरविली. तिला अंधार व शांतता लागते. बंद कपाटात तीही मीच पुरविली. काही वर्षे ती तेथे सुखाने नांदली, वाढली, पंखवाल्यांपर्यंत पोहोचली. मग ज्येष्ठात मी मंडळींपुढे हात जोडून विचारतो की माळकऱ्याने वाळवी मारावी काय!

सज्जनहो, ज्येष्ठात माझ्यापुढे खरोखरच दुसरा मार्ग नव्हता. तुळई पडणारी होती व लेकरे खाली निजत होती. त्या दिवसापुरता मास्तरांचा निवाडा बरोबर होता. पण तो दिवस आला कोणामुळे? वैशाखात अर्धा दिवस उन्हात उभे राहून जे झाले असते, ते न केल्यामुळे ज्येष्ठात लक्षावधी जीव मारावे लागले. अगतिकता खरी होती, आणि ती माझीच करणी होती. आपण हिंसेचा विचार करतो तो मारण्याच्या क्षणापाशी येऊन करतो. तेव्हा फारसे काही निवडायला उरलेले नसते. ती आधीच आपल्या आळसात, आपल्या 'उद्या'त, वाढीला लागलेली असते.

ह्यावर कोणी म्हणेल, पुष्कळ काळजी घेणाऱ्याच्या घरीही वाळवी लागते. होय, लागते. तो जीव जमिनीत सर्वत्र आहे. पण काळजी घेणाऱ्याला ती वेळेवर दिसते. बोटभर मातीची रेघ दिसली तेव्हाच ती खरवडून ओल बंद केली तर दहा-वीस कामकऱ्यांवर भागते. सबंध वसाहत नष्ट करावी लागत नाही. दया म्हणजे केवळ डोळ्यांत पाणी येणे नव्हे. वेळेवर केलेली घराची झाडलोट हीही दयाच होय.

म्हणून आमच्या घरी आता असा नेम केला आहे, तो ज्यांना रुचेल त्यांनी घ्यावा. अक्षय्य तृतीयेला सर्व कपाटे रिकामी करून पोथ्या-पुस्तकांना ऊन दाखवावयाचे. मृगापूर्वी घराच्या चारी बाजूंनी फिरून भिंतीच्या पायाशी मातीची रेघ आहे काय ते पाहावयाचे, चौकटींवर टिचकी मारून पाहावयाची. पाझरणारा नळ त्याच आठवड्यात दुरुस्त करावयाचा. लाकूड, खोके, रद्दी भिंतीला टेकून जमिनीवर ठेवावयाची नाही. नवे लाकूड घ्यावे लागले तर सागाचा पक्का गाभा घ्यावयाचा, कारण त्याला वाळवी सहसा लवकर लागत नाही. वरचे पांढरे लाकूड मात्र ती खाते. नवे घर बांधणाऱ्याने पायाच्या वेळीच वाळवीचा बंदोबस्त करून घ्यावा. त्यासाठी सरकारी भारतीय मानक ६३१३ आहे, ते कंत्राटदाराला दाखवावे. पंखवाले उडाले की तासभर दिवा मालवावयाचा व नाम घ्यावयाचे. आणि इतके करूनही कधी औषधाचा प्रसंग आलाच, तर लागेल तेवढेच, लागेल तेथेच, आणि काम करणाऱ्याच्या हातातोंडाची सोय केल्यावरच. त्या दिवशी घरात गोडधोड करावयाचे नाही, असे आईने आपल्या मनाने ठरविले आहे. ह्याला शास्त्राधार काय, हे मी तिला विचारले नाही.

वहीचे काय झाले, ते सांगून लेख संपवितो. जी पाने उरली होती ती नीट वाळवून बांधून ठेवली. बाकीचे आई रोज दुपारी सांगते आणि माझी नात शाळेच्या वहीत उतरून घेते. आईला पुष्कळ पाठ आहे, सगळे नाही. दिंडीच्या काही चालींचा क्रम आजोबांनाच ठाऊक होता व त्या वहीला. तो गेला. कितीही पश्चात्ताप केला तरी तो आता परत येणार नाही, आणि माझ्या 'उद्या'ची ती किंमत मला मान्य केली पाहिजे. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकला-नकलांत पाठ बिघडत गेले होते, म्हणून त्यांना ते श्रम घ्यावे लागले. पोथी कपाटात राहून टिकत नाही; कोणीतरी ती काढतो, वाचतो, उतरतो, तपासतो, म्हणून टिकते. रोज उघडल्या जाणाऱ्या पोथीला वाळवी सहसा लागत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

यंदा मृगाच्या पावसानंतर पुन्हा किडे उडाले. ह्या खेपेस ते अंगणातून आले, चौकटीतून नव्हे. नातीने धावत जाऊन दिवा मालवला. आईने अंधारात हरिपाठ धरला, आम्ही मागे म्हणू लागलो. तासाभराने दिवा लावला तेव्हा उंबऱ्याशी काही पंख पडलेले होते. पंख गाळून ते कोठे गेले, कोणाला सापडले, कोण मातीत शिरले, हे आम्ही पाहिले नाही. सकाळी आईने ते पंख केरसुणीने गोळा करून तुळशीच्या मुळाशी टाकले आणि मला म्हणाली, "नळ पाह्यला काय रे आज?"

पाहिला होता.

रामकृष्णहरी.